पंखा फिरतो का?

अब्बांचा एक प्रश्न आमच्या घरात थट्टेचा विषय झाला होता. संध्याकाळी शाळेतून येऊन आम्ही गाडी अंगणात उभी केली की पडवीतल्या खुर्चीवरून अब्बा विचारायचे, "पंखा फिरतो का रे?" आम्ही वह्यांचे गठ्ठे सावरत "फिरतो, अब्बा" म्हणायचो आणि घरात शिरायचो. मुले हसायची. एकदा धाकटीने पडवीतल्या छताच्या पंख्याकडे बोट दाखवून "दादाजान, फिरतोय की!" असे सांगितले, तेव्हा अब्बाही हसले. पण दुसऱ्या दिवशी प्रश्न पुन्हा तोच.

अब्बांनी 31 वर्षे एस.टी. चालवली. चिपळूण-कराड हा त्यांचा नेहमीचा मार्ग आणि कुंभार्ली घाटाचे वळण न् वळण पाठ. आता वय 74, हृदयाची एक शस्त्रक्रिया झालेली, कानांनी कमी ऐकू येते. त्यांच्या काळातल्या गाडीत रेडिएटरमागचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन सुरू म्हणजे पंखा सुरू. म्हणून ते मधूनच "पट्टा बघ" असेही म्हणायचे. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीत पंख्याला पट्टा नाही, तो विजेच्या मोटरवर चालतो. ही गोष्ट आम्ही त्यांना समजावून सांगितली होती आणि सांगताना, खोटे कशाला बोला, आवाजात थोडा बी.एड.चा तोरा होता. पट्ट्याच्या बाबतीत आमचे बरोबर होते. पंख्याच्या बाबतीत नव्हते.

गोष्ट मागच्या मे महिन्याची, पण तिची सुरुवात त्याआधी सात-आठ महिने झाली होती. बाजारपेठेतल्या गर्दीत गाडी अडकली की तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून वर सरकू लागायचा. गर्दी सुटून गाडी पळू लागली की आपोआप खाली यायचा. आम्ही डिकीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन ठेवला आणि सकाळी गाडी थंड असताना बाटलीतली पातळी कमी दिसली की नळाचे पाणी ओतू लागलो. डोके दुखले की गोळी घ्यावी, तसे.

मग गॅरेजच्या वाऱ्या सुरू झाल्या. पहिल्या ठिकाणी रेडिएटर साफ करून दिला, 1,200 रुपये. महिनाभराने काटा पुन्हा वर. दुसऱ्या ठिकाणी रेडिएटरच बदलायला सांगितले, 5,800 रुपये. तरीही तेच. तिसऱ्याने थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकला. "आपल्याकडे थंडी कुठे असते? याची गरजच नाही," असे म्हणाला आणि 400 रुपये मजुरी घेतली. मध्येच एसी नीट चालेना. गाडी उभी राहिली की गरम हवा फेकायचा, धावू लागली की पुन्हा गार. गॅस कमी झाला असेल म्हणून तोही भरून घेतला, 1,800 रुपये. एकूण 9,200 रुपये गेले आणि गाडी होती तिथेच होती. आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आम्ही तर पखालच नवी घेतली होती.

या वाऱ्यांत एक गोष्ट कोणीच केली नाही. काटा कधी चढतो आणि कधी उतरतो, हे आम्हाला कोणी विचारले नाही. आम्हीही आपणहून सांगितले नाही. "गाडी तापते, बघा जरा," एवढेच म्हणायचो.

मे महिन्यात अब्बांना तपासणीसाठी कराडला न्यायचे होते. डॉक्टरांनी साडेबाराची वेळ दिली होती. मागे अब्बा आणि मुलांच्या अम्मी, पुढे आमच्या शेजारी थोरला, वय 16. धाकटीला मामूंकडे ठेवले होते. पोफळी मागे पडली, घाट सुरू झाला. अब्बांना उकडू नये म्हणून एसी लावलेला. चार-पाच वळणे चढलो असू, तोच पुढे ट्रक बंद पडल्याचे कळले. गाड्यांची रांग लागली. पाच हात पुढे जायचे, थांबायचे, पुन्हा पाच हात. पहिला गिअर, चढण, डोक्यावर मे महिन्याचे ऊन. काट्याकडे लक्ष गेले तेव्हा तो लाल खुणेला भिडला होता आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती.

आम्ही गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. थोरला चटकन उतरला, चाकामागे दगड लावला, बॉनेट उघडले आणि आम्ही उतरेपर्यंत डिकीतला कॅन आणि पुसायचे फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे वळला. त्याला मदत करायची होती.

"हात लावू नकोस!"

आवाज अब्बांचा होता. आम्ही पोटची मुले, आम्हाला त्यांनी कधी आवाज चढवून हाक मारली नव्हती. थोरला दगडासारखा उभा राहिला. अब्बा गाडीतून सावकाश उतरले, शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत वर सरकवली आणि नातवासमोर हात धरला. मनगटापासून वर चार-पाच बोटे कातडी चकचकीत आणि आवळलेली. तो डाग आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. कशाचा, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

"1984 साल. याच घाटात," अब्बा म्हणाले. "पट्टा तुटला, पंखा थांबला, पाणी उकळले. गाडीत चाळीस माणसे, सगळ्यांना घाई. मी नवा होतो. झाकण फिरवले आणि सगळे अंगावर आले. तोंड वळवले म्हणून डोळे वाचले."

रोज संध्याकाळी पडवीतून येणारा प्रश्न कुठून येत होता, ते आम्हाला त्या वळणावर कळले.

झाकणाखाली काय असते, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे, म्हणून थोडक्यात सांगतो. घरातले पाणी 100 अंशांना उकळते. गाडीतले पाणी झाकणाच्या दाबाखाली असते, त्यामुळे 100 अंशांच्या पुढे गेले तरी ते न उकळता पाणीच राहते. कुकरसारखे. झाकण उघडले की दाब एका क्षणात जातो आणि ते पाणी वाफ होऊन बाहेर उसळते. फडके असो की हातमोजा, त्यापुढे काही टिकत नाही. इंजिन बंद करावे, बॉनेट उघडताना तोंड लांब ठेवावे आणि किमान पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नये. धातू एकदम आकसतो, वाकतो, त्याला तडा जातो. आणि विजेच्या पंख्याजवळ हात नेऊ नये. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू लागतो.

आम्ही घड्याळाकडे पाहत होतो. साडेबारा गाठणे अशक्य दिसत होते. अब्बांच्या ओठांना कोरड पडलेली, मुलांच्या अम्मी त्यांना पदराने वारा घालत होत्या. तेवढ्यात रांगेतून हळूहळू वर येणारी चिपळूण-कराड एस.टी. दिसली. अब्बांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून हात दाखवला. प्रवासी हात करतात तसा नव्हे, चालक चालकाला करतो तसा. गाडी थांबली. तरुण चालकाने खिडकीतून वाकून पाहिले, अब्बांनी दोन शब्द सांगितले आणि वाहकाने पुढची जागा रिकामी करून दिली. अब्बा, मुलांच्या अम्मी आणि थोरला असे तिघे तिने गेले. ट्रक हलल्यावर एस.टी.ने वेळ भरून काढली आणि तपासणी वेळेवर झाली. चढण्यापूर्वी अब्बा वळून आम्हाला म्हणाले, "इंजिन बंद करून घाट उतरू नकोस. ब्रेक जड होतात. दुसऱ्या गिअरमध्ये हळू उतर. आणि आधी बघ, पंखा फिरतो का."

तासाभराने झाकण हाताला गार लागले. ते थोडे थोडे सैल करून उघडले, कॅनमधले पाणी भरले आणि गाडी सुरू ठेवून काटा चढू दिला. मधल्या खुणेच्या थोडा वर गेला तेव्हा पहिल्यांदा, खरोखर पहिल्यांदा, आम्ही वाकून रेडिएटरच्या मागे पाहिले. पंखा स्तब्ध होता.

सात-आठ महिने आम्ही "फिरतो, अब्बा" म्हणत होतो.

उतारावर इंजिनाला ओढायचे काम नसते, वाराही लागतो. काट्यावर नजर ठेवून, दोनदा थांबत आम्ही खाली आलो. घाटाच्या पायथ्याला रस्त्याच्या कडेला पत्र्याचे छोटेसे गॅरेज होते. तिथले उस्ताद साठीच्या आसपासचे. आम्ही रेडिएटर, व्हॉल्व्ह, गॅस अशी सगळी यादी सांगू लागलो. त्यांनी ती हातानेच थांबवली आणि विचारले, "सर, ते राहू द्या. तापते कधी? उभी असताना की पळताना?"

"उभी असताना. गर्दीत, घाटात. पळू लागली की उतरते."

"आणि एसी?"

"तोही तसाच. उभी असताना गरम."

"मग झाले," उस्ताद म्हणाले. "गाडी पळते तेव्हा वारा पंख्याचे काम करतो. उभी राहिली की पंख्यालाच काम करावे लागते. तुमचा पंखा कामावर येत नाही. पळताना तापली असती तर पाणी, पंप, व्हॉल्व्ह, रेडिएटर हे बघितले असते. आता पंखा का येत नाही, तेवढे शोधायचे."

मग त्यांनी जे केले ते आम्ही वर्गात बसल्यासारखे पाहिले. आधी ऑइलची कांडी काढून बघितली. ऑइल दुधाळ झाले असते तर पाणी इंजिनात शिरले असे समजायचे, आणि मग हेड उतरवण्याचा मोठा खर्च. ऑइल स्वच्छ होते. पाण्यात बुडबुडे नव्हते, मागून पांढरा धूरही नव्हता. "वेळेवर बंद केलीत, वाचलात," ते म्हणाले. मग फ्यूज काढून उजेडात धरला, शाबूत. मग गाडी सुरू करून एसी लावायला सांगितले. आमच्या गाडीत रेडिएटर आणि एसी या दोघांना मिळून एकच पंखा आहे, एसी लावला की तो फिरायलाच हवा. फिरला नाही. पण बॉनेटखालच्या डबीतून "टक" असा बारीक आवाज आला. तो रिलेचा. म्हणजे हुकूम सुटत होता. एसी न लावता नुसता काटा चढल्यावरही तोच "टक" आला, म्हणजे सेन्सरही आपले काम करत होता. मग पंख्याच्या मोटरचा प्लग काढून तारेला छोटा दिवा लावला. दिवा लख्ख पेटला. वीज मोटरच्या दारापर्यंत पोचत होती.

उस्तादांनी प्लग परत बसवला, बाजूने हात सांभाळून पेचकसाच्या मुठीने मोटरच्या पाठीवर दोन हलके ठोके मारले आणि पंखा भर्रकन फिरू लागला.

"कार्बन झिजले," ते म्हणाले. मोटरच्या आत कार्बनचे दोन छोटे ठोकळे असतात. ते घासत वीज आत देतात. झिजून आखूड झाले की कधी टेकतात, कधी टेकत नाहीत. म्हणून कोणत्याही गॅरेजमध्ये उभे असताना पंखा फिरतानाच दिसला असेल, आणि सगळ्यांनी पंख्याला निर्दोष सोडून दिले असेल. उस्ताद हसून म्हणाले, "सर, तुमच्या वर्गातही असेल असा एखादा. साहेब तपासणीला आले की हजर."

चिपळूणहून दुपारच्या गाडीने नवी मोटर मागवली, 2,400 रुपये. व्हॉल्व्हही त्यांनी परत बसवला. तो इंजिन गार असताना पाणी अडवतो आणि 82 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडतो, म्हणून इंजिन लवकर नेमक्या उबेला येते. तो काढल्यापासून पेट्रोल जास्त का लागत होते, हेही तेव्हा उमगले. नळाचे पाणी काढून योग्य मिश्रणाचे कूलंट भरले. नुसत्या नळाच्या पाण्याने आत गंज धरतो आणि क्षार साचतात. सगळे मिळून 4,000 रुपये झाले. त्यात मजुरी 450 रुपये. निघताना त्यांनी एक उपाय सांगितला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. गर्दीत काटा चढू लागला आणि लगेच थांबायला जागा नसेल, तर एसी बंद करावा, काचा खाली कराव्यात आणि गाडीचा हीटर पूर्ण गरमवर लावून त्याचा पंखा जोरात सोडावा. हीटर इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालतो, म्हणजे तो छोटा रेडिएटरच आहे. आत बसणाऱ्यांना घाम फुटतो, पण इंजिनाला थोडा दिलासा मिळतो. काटा लाल खुणेला लागला तर मात्र कोणताही उपाय न करता इंजिन बंद.

त्या रात्री झोप लागेना. पैशाचे वाईट वाटले, पण तेवढेच नव्हते. बी.एड.ला आम्हाला नैदानिक चाचणी शिकवली होती. मूल चुकते, एवढ्यावर थांबू नये. कुठे चुकते, कधी चुकते हे शोधावे आणि मगच उपचारात्मक अध्यापन करावे. परीक्षेत आम्ही त्यावर छान उत्तर लिहिले होते. उर्दूत निदानाला तशखीस म्हणतात. शख्स म्हणजे व्यक्ती, आणि तशखीस त्याच धातूपासून आलेला शब्द. गर्दीतून नेमका माणूस ओळखावा, तसा नेमका दोष ओळखणे. मराठीत तर 'निदान' या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक रोगाची ओळख आणि दुसरा 'कमीत कमी'. औषधाआधी निदान निदान तरी व्हावे, असे भाषाच सांगते. दोन्ही भाषा शिकवून आमचा चरितार्थ चालतो. आम्ही मात्र नऊ हजार रुपयांचे औषध विकत घेतले आणि निदान एका पत्र्याच्या शेडमध्ये ठोक्याने झाले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सातवीत एक मुलगा आहे, आधी उर्दू माध्यमात शिकलेला. त्याचे मराठी शुद्धलेखन फार कच्चे. मागचे वर्षभर आम्ही त्याला चुकलेले शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावले होते. पान भरायचे, चूक तशीच. या वेळी आम्ही त्याच्या जुन्या वह्या घेऊन बसलो आणि उस्तादांचा प्रश्न विचारला, हा चुकतो कधी? 'दिवस'चे 'दवस', 'मित्र'चे 'मत्र', 'पुस्तक'चे 'पस्तक'. पण 'गाडी', 'पूल', 'शाळा' बरोबर. मग लख्ख दिसले. उर्दूत जेर, जबर, पेश या खुणा एरवी लिहीत नाहीत, वाचणारा त्या मनाने भरतो. ऱ्हस्व स्वर न लिहिण्याची सवय हा मुलगा उर्दूतून घेऊन आला होता. तो निष्काळजी नव्हता, एका लिपीचा नियम दुसऱ्या लिपीत प्रामाणिकपणे पाळत होता. दोन्ही लिप्या आम्ही रोज फळ्यावर लिहितो, तरी ते आमच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही त्याला जवळ बसवून एवढेच सांगितले की उर्दूत जे मनात ठेवतोस ते मराठीत कागदावर ठेवायचे. तीन आठवड्यांत निम्म्या चुका गेल्या. दहा वेळा लिहायला लावलेली ती पाने आठवली की अजून ओशाळायला होते.

वाचकांनो, गाडी प्रत्येकाकडे असेल असे नाही. पण घरात, वर्गात, शरीरात, नात्यात काहीतरी तापण्याची वेळ प्रत्येकावर येते. आपण लगेच पाणी ओततो, भाग बदलतो, ज्याच्या हाती जे हत्यार असेल त्याने दुरुस्ती करतो. त्याआधी एक प्रश्न विचारून बघा. कधी होते? आणि कधी होत नाही? आमच्या गाडीचे अर्धे उत्तर, ती केव्हा तापत नव्हती, यातच होते.

आणि घरातली वडीलधारी माणसे तोच तोच प्रश्न विचारत असतील, तर थट्टा करण्याआधी तो प्रश्न त्यांना किती महाग पडला आहे, तेही विचारून बघावे. अब्बांना पट्टा आणि मोटर यांतला फरक माहीत नव्हता. आम्हाला माहीत होता. पण वाकून बघायचे असते, हे त्यांना माहीत होते.

आता संध्याकाळी गाडी अंगणात आली की अब्बांचा प्रश्न येतो आणि आम्ही नुसते "फिरतो" म्हणून आत जात नाही. गाडी सुरू ठेवून एसी लावतो. अब्बांना पंख्याचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून धाकटी वहीचा एक कोरा कागद घेऊन पळत येते आणि पुढच्या जाळीवर धरून सोडते. पंखा फिरत असला की हवा आत ओढली जाते आणि कागद जाळीला चिकटून राहतो.

"दादाजान, चिकटला!" ती ओरडते.

अब्बा उजव्या हाताची बाही खाली ओढतात आणि चहा मागवतात.